पंधरा दिवसांची सोबत

आमच्या कंपनीत नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला तीन गोष्टी मिळतात. गुलाबाचं फूल, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि मी. फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं, ओळखपत्र दुसऱ्याच दिवशी घरी विसरलं जातं. मी मात्र पंधरा दिवस पुरतो.

ही योजना योगिनी मॅडमची. तीन वर्षांपूर्वी त्या एचआरला आल्या आणि आल्या आल्या त्यांनी ठरवलं, की प्रत्येक नव्या माणसाला एक जुना सोबती द्यायचा. त्याने पंधरा दिवस नव्याला सगळं दाखवायचं. हजेरीचं मशीन कुठे, पाणी कुठलं प्यायचं, कुणाच्या टेबलावरचं पेन उचलायचं नाही. हे काम कोण करणार म्हणून विचारलं तेव्हा सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. मला कुणी विचारलंच नाही, सरळ नाव लिहून टाकलं. "रंगनाथ काकांना वेळ असतो," असं म्हणे अकाउंट्समधून कुणीतरी सांगितलं. राग आला होता मला. बत्तीस वर्षं अंबडच्या या कंपनीत डिस्पॅच सांभाळतोय, पंपांचे पॅनेल गुजरातपासून केरळपर्यंत पाठवतोय, आणि ह्यांना माझी एवढीच ओळख!

पण वेळ होता, हे खोटं नाही. त्याच वर्षी आमच्या सौ., सिंधूबाई, पुण्याला गेल्या. मुलाकडे, सोमनाथकडे. सून नोकरी करते, नातू साई लहान, सहा महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाल्या. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. रोज सात वाजता व्हिडिओ कॉल येतो, त्यात निम्मा वेळ साईचा कान दिसतो नाहीतर घराचं छत दिसतं. "जेवलात का?" ती विचारते. मी हो म्हणतो. मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

आता आमच्या कँटीनचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुठेही बसता येईल असं ते कँटीन दिसतं, पण तसं नाही. प्रत्येक टेबल कुणाचं ना कुणाचं आहे. अकाउंट्सचं वेगळं, डिझाइनवाल्या पोरांचं वेगळं, आणि खिडकीजवळचं मोठं टेबल निकिताच्या मंडळींचं. तिथे आठ जणं बसतात, आठ डबे मधोमध उघडतात आणि हसण्याचा आवाज पार गेटपर्यंत जातो. आपण होऊन कुणाच्या टेबलावर जाऊन बसायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. त्या टेबलावरच्या कुणीतरी म्हणावं लागतं, "डबा इकडे आण." तसं म्हटलं की माणूस त्यांचा झाला. म्हणेपर्यंत नवा माणूस माझ्याबरोबर बेसिनशेजारच्या छोट्या टेबलावर बसतो. तिथे पूर्वी मी आणि सहादू बसायचो. सहादू रिटायर झाला, टेबल राहिलं.

तर तीन वर्षांत नऊ जणं माझ्या समोर बसून गेली. कुणाला आठव्या दिवशी बोलावणं आलं, कुणाला बाराव्या. "काका, मी जरा तिकडे बसतो आज," असं म्हणत डबा उचलायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून ते "आज" कायमचं व्हायचं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. योजनाच तशी होती. पण दर वेळी पंधरा दिवस संपले की मेसच्या डब्यातली बटाट्याची भाजी आणखी बेचव लागायची.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात सविता आली. आमच्याच डिस्पॅचमध्ये, चलनं आणि बिलं कॉम्प्युटरवर भरायला. पेठच्या पलीकडे डोंगरात तिचं गाव. भात निघाला की आईवडील दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर कामाला उतरतात. ही पेठच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, आणि आता सिडकोत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती. "आमच्यात हापिसात बसणारी मीच पहिली," असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना इतकी ताठ बसली होती की मलाही पाठ सरळ करावी लागली.

ही पोरगी इतरांसारखी नव्हती. म्हणजे ती ऐकायची. मी येवल्याचा, वडील मागावर पैठणी विणायचे, हे मी आजवर नऊ जणांना सांगितलं आणि नऊही जणांनी "अच्छा" म्हणून मोबाइल पाहिला. सविताने विचारलं, "मग पाय कुठं ठेवायचे? खाली खड्डा असतो ना?" असतो. मागाखाली खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसायचं. लहानपणी मी वडिलांच्या पायाशी त्या खड्ड्यात झोपायचो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सविताने नागलीची भाकरी मोडून अर्धी माझ्या झाकणात ठेवली, आणि वर खुरासणीची चटणी. काळी, तेलकट, तिखट. मेसच्या बटाट्यावर तीन वर्षं काढलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते ज्याचं त्याने समजावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मी, आज जेवताना हिला काय सांगायचं, याचा विचार करत होतो. छप्पन्न वर्षांचा माणूस आरशासमोर उभा राहून विषय ठरवतोय! मलाच हसू आलं.

चौथ्या दिवशी सविता योगिनी मॅडमबरोबर पगाराचं खातं उघडायला बँकेत गेली होती. मी एकटाच जेवत होतो. निकिता हात धुवायला बेसिनपाशी आली. आदल्या दिवशी जाता जाता हिने सविताच्या डब्यात बोट बुडवून चटणी चाखली होती आणि "आई गं!" म्हणून ओरडली होती.

"काका, त्या सविताला सांगा ना, उद्यापासून आमच्यात ये म्हणावं," निकिता म्हणाली. "आणि ती काळी चटणी डबल आण म्हणावं. सगळ्यांना पाहिजे."

"सांगतो," मी म्हणालो.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. सविता दुपारी आली तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मग वाटलं, आत्ताच कशाला, अजून चारच दिवस झालेत. बाकीच्यांनी आठ-आठ, बारा-बारा दिवस काढले माझ्याबरोबर. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सविता नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन बसली. खिडकीजवळच्या टेबलावर सरकून एक जागा केलेली मला दिसत होती. तिला दिसली नाही, कारण तिची तिकडे पाठ होती. जेवण झाल्यावर निकिताने मला जिन्यात गाठलं.

"काका, सांगितलंत ना तिला?"

इथे मी खरं बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी म्हणालो, "सांगितलं. पण तिला नको वाटतं गं. जरा वेगळी आहे ती. तिचं तिचं बरं असतं तिला."

"बरं. राहू दे मग," निकिता म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला. निकिता काही वाईट मुलगी नाही, पण मानी आहे. तिने दुसऱ्यांदा बोलावलं नाही. एवढंच नाही, तर सविता समोरून आली की मोबाइलमध्ये पाहायला लागली. आणि निकिता पाहीना म्हणून तिच्या टेबलावरचं कुणीच पाहीना.

आणि मी? मी खूश होतो. खोटं कशाला बोलू! रोज सव्वा वाजता माझ्यासमोर एक माणूस होतं. मी तिला सहादूचे किस्से सांगितले, केरळला जाणारा ट्रक मी चुकून कर्नाटकात कसा पाठवला ते सांगितलं. ती हसायची. पुढे पुढे कमी हसायला लागली, तर मी जास्त सांगायला लागलो.

एक दिवस तिने विचारलं, "काका, निकिता मॅडम पहिल्यांदा माझ्याशी चांगल्या बोलल्या होत्या. आता बघत पण नाय. माझं काय चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? त्यांचं तसंच असतं," मी म्हणालो. "तू लक्ष नको देऊ. आपण आहोत ना."

आपण आहोत ना! किती गोड वाटलं होतं मला हे म्हणताना.

मग तिच्या डब्यातून भाकरी गेली. चपात्या यायला लागल्या, आणि बरोबर आमच्या मेससारखीच पिवळी बटाट्याची भाजी. चटणीही बंद झाली. मी विचारलं, तर म्हणाली, "इथं हेच बरं." तिचं बोलणंही बदललं. "नाय"चं "नाही" झालं, "हापिस"चं "ऑफिस" झालं. प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून मग तोंडाबाहेर काढल्यासारखं. मला वाटलं, शिकतेय पोरगी, रुळतेय. चटणी गेल्याचं मात्र वाईट वाटलं, ते माझ्यासाठी.

पंधरावा दिवस शुक्रवारी आला. पाऊण वाजता योगिनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पंधरा दिवस झाले की नवा माणूस एक फॉर्म भरतो, तो त्यांच्यापुढे होता.

"काका, अभिनंदन करू की काय करू, कळत नाही," त्या म्हणाल्या. "सविता सोडून चाललीय. महिनाअखेरपर्यंत येईन म्हणते. पेठला कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात बसणार आहे. आणि हे वाचा."

मी वाचलं. ऑफिसमध्ये काय आवडलं, या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, "रंगनाथ काका. त्यांनी एकट्यांनीच मला माणसासारखं वागवलं." काय आवडलं नाही, यापुढे लिहिलं होतं, "तक्रार नाही. माझं जेवण आणि बोलणं इथे चालत नाही. ते मी बदलून पाहिलं."

"मला खरं सांगा," योगिनी मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक झाला होता. "कुणी काही बोललं तिला? आदिवासी म्हणून वगैरे? मला निकिताच्या टेबलाचा संशय आहे. तसं असेल तर मी सोडणार नाही कुणाला. लेखी घेईन."

आतापर्यंत मला वाटत होतं की मी एक निरोप दाबून ठेवलाय. चार घासांची सोबत चोरलीय, बस. त्या पोरीने त्या गप्प बसलेल्या टेबलाकडे पाहून काय अर्थ लावला असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. तिला तो अर्थ शोधायला लांब जावं लागलं नसणार. तो तिच्याकडे आधीपासूनच होता.

"निकिताचा काही दोष नाही," मी म्हणालो. "मला अर्धा तास द्या. मग मीच येऊन सांगतो तुम्हाला सगळं."

सविता डिस्पॅचमध्ये चलनं लावत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. बत्तीस वर्षांत मी ड्रायव्हरांवर ओरडलोय, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडलोय, मालकालाही एकदा तोंडावर सुनावलंय. पण एवढं एक वाक्य बोलताना माझी जीभ उचलेना.

"सविता, त्यांनी बोलावलं होतं तुला."

"कोणी?"

"निकिताने. तू बँकेत गेली होतीस ना, त्या दिवशी. उद्यापासून आमच्यात बस म्हणाली होती. चटणी डबल आण म्हणाली होती. मी तुला सांगितलं नाही. आणि तिला सांगितलं की तुलाच यायचं नाही."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. रडण्याची पण तयारी ठेवली होती. पण तिच्या चेहऱ्यावर आलं ते हसू. अगदी लहान पोरीचं असावं तसं.

"चटणी आवडली होती त्यांना?" ती म्हणाली.

मला मान खाली घालावी लागली. "सगळ्यांना आवडली होती," मी म्हणालो.

मग ते हसू हळूहळू गेलं. "मग तुम्ही का नाय सांगितलं?"

मी चार कारणं तयार करून आणली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "तू गेली असतीस तर मी पुन्हा एकटाच जेवलो असतो," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

ती बराच वेळ चलनांच्या कडा जुळवत राहिली. जुळलेल्याच होत्या त्या.

"तुम्ही नुसतं म्हणाला असता तर मी बसले असते तुमच्याजवळ," ती म्हणाली. "नायतर तुम्हाला पण घेऊन गेले असते तिकडं. त्यात काय होतं एवढं?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. तीन वर्षांत, नऊ माणसांत, एकदाही नाही.

"रूमवर मी रोज बोलायची प्रॅक्टिस करत होते," ती पुढे म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "नागलीचं पीठ आईनं दिलेलं, ते तसंच पडलंय. आणि आईला मी फोनवर सांगितलं, आपल्या लोकांचं इथं जमत नाय. काका, आईला नवल पण नाय वाटलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, ये घरी."

मी माफी मागितली. नीट, हात जोडून मागितली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सव्वा वाजला. ती उठली, पिशवीतून डबा काढला आणि माझ्या आधी बाहेर पडली. मी दारातून पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलापाशी ती उभी राहिली, काहीतरी बोलली. निकिताने एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिने शेजारच्या पोराला कोपराने ढकलून सरकवलं आणि सविताचा डबा स्वतःच्या हाताने मधोमध ठेवला. त्यात चपातीच होती त्या दिवशी, तरी आठ हात पुढे आले.

मी योगिनी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फॉर्म त्यांनी सविताला परत दिला. सोमवारी सविताने झेरॉक्सच्या दुकानाला येत नाही म्हणून कळवलं, आणि आईला काय कळवलं ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी घालवला होता. सोमवारीच ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, या चलनावर सही पाहिजे."

सर. अख्खं ऑफिस मला काका म्हणतं. गेटवरचा वॉचमन काका म्हणतो, तो माझ्याहून मोठा आहे. मी सही केली. पेन चालत होतं, तरी दोनदा गिरवावी लागली. कामात तिने कधी कुचराई केली नाही, कधी तोंड फिरवलं नाही, दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात तशी रोज गुड मॉर्निंग म्हणायची. पण येवल्याबद्दल तिने पुन्हा काही विचारलं नाही.

मला वाटलं होतं, योगिनी मॅडम आता सोबतीच्या यादीतून माझं नाव काढतील. त्यांनी काढलंही. मग एप्रिलमध्ये स्टोअरला नवीन मुलगा येणार होता, मनोज नावाचा, सटाण्याकडचा. मॅडमनी सगळीकडे विचारून पाहिलं आणि सगळ्यांना पुन्हा आपापली कामं आठवली. शेवटी त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "काका, बघा," एवढंच म्हणाल्या.

मनोज बोलका होता. सकाळी दहा ते एक या वेळात त्याने मला त्याच्या गावचं देऊळ, बहिणीचं लग्न आणि गाडीचा ॲव्हरेज, सगळं सांगून टाकलं. पंधरा दिवस मजेत गेले असते याच्याबरोबर. सव्वा वाजता त्याने विचारलं, "काका, कुठं बसायचं आपण?"

मी त्याला बेसिनकडे नेलं नाही. सरळ खिडकीजवळ नेलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "हा मनोज. सटाण्याचा. आजच आलाय. याला तुमच्यात घ्या."

सगळ्यांनी वर पाहिलं. असं कुणी कधी केलं नव्हतं. मग सविताच सरकली. "बसा ना," ती मनोजला म्हणाली. "डबा इकडे आणा."

मनोज बसला आणि वळून माझ्याकडे पाहायला लागला. "काका, तुम्ही?"

"माझं झालं," मी म्हणालो.

डबा माझ्या हातात होता. भरलेला. सविताने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं जेवण झालेलं नाही हे त्या टेबलावर फक्त तिलाच पक्कं ठाऊक होतं. सव्वाच्या आधी मी कधी डबा उघडत नाही, हे पंधरा दिवस तिने पाहिलं होतं. ती काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. मी थांबलो. जितकं थांबायला हवं होतं त्याहून थोडा जास्तच थांबलो.

ती मनोजकडे वळली. "गाव कुठलं म्हणालात? कोण कोण असतं घरी?" ती विचारू लागली, आणि त्याच्या उत्तराकडे कान देऊन ऐकू लागली. मी बेसिनशेजारच्या टेबलाकडे गेलो, नेहमीच्या बाजूला न बसता समोरच्या खुर्चीवर बसलो, सगळ्यांकडे पाठ करून, आणि आवाज होऊ नये म्हणून झाकण हळूच काढलं.